क्रुसाखालची वीतभर जमीन

या गोष्टीतली पहिली चूक मोर्ब्वाच्या शाळेतल्या धाकट्या मास्तरानं केली, आणि हे सांगणाराही तोच, तेव्हा ती आधीच कबूल करून टाकलेली बरी. पुढं तो ‘धाकटा मास्तर’ एवढ्याच नावानं येईल. त्याहून जास्त मान त्यानं मिळवलेला नाही.

मोर्ब्वाच्या चर्चमध्ये मोठ्या वेदीच्या मागं अक्रोडाच्या लाकडाची कोरीव चौकट आहे. वर ढग नि कबूतर, दोन्ही अंगांना द्राक्षवेल. आत मात्र काही नव्हतं. राज्यक्रांतीच्या धामधुमीत आतलं चित्र शेजारच्या गावच्या लोकांनी जाळलं, असं आम्ही म्हणतो; शेजारच्या गावचे म्हणतात, तुमच्याच आज्यांनी जाळलं. ते काही असो, साठावर वर्षं गाव चौकटीतल्या चुन्याच्या भिंतीकडं बघून प्रार्थना करत होतं. मग फादर व्हेर्नरेंना कळलं, की अर्ज केला तर बादशहाचं सरकार गरीब गावांना फुकट चित्र देतं. पॅरिसच्या संग्रहालयातल्या एखाद्या थोर चित्राची हातानं रंगवलेली नक्कल. अर्ज छापील होता आणि त्यात एक रकाना होता: चौकटीचं माप, मीटरमध्ये.

मीटर म्हणजे शाळेचं काम, म्हणून फादरनी अर्ज धाकट्या मास्तराच्या हवाली केला. मास्तरानं सुतार बार्नाबेला विचारलं.

“आठ फूट उंच, पाच फूट रुंद,” बार्नाबे रंधा न थांबवता म्हणाला. “माझ्या पणज्यानं केलीय ती चौकट. झोपेत विचारा, हेच सांगीन.”

मास्तरानं शिडी लावून मोजायला हवं होतं. पण शाळेच्या भिंतीवर सरकारी तक्ता टांगलेला असताना शिडी कोण चढतो! तक्त्यात फुटाचे मीटर करायची रीत दिलेली होती. मास्तरानं गुणाकार केला, तीन दशांश स्थळांपर्यंत नेला, वळणदार अक्षरात उतरवला आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन झोपला. तक्त्यातला फूट पॅरिसचा होता. बार्नाबेचा फूट आमच्या मुलखाचा, त्याच्या पणज्याच्या पट्टीवरचा, पॅरिसच्या फुटाहून जवळजवळ दोन बोटं लांब. कायद्यानं तो फूट मारून टाकल्याला सतरा वर्षं झाली होती. बार्नाबेला कुणी कळवलं नव्हतं.

दीड वर्षानं, ऐन जानेवारीत, घसरगाडीवरून चित्र आलं. गुंडाळी सोडून बार्नाबेनं ते पाठच्या लाकडी सांगाड्यावर ताणलं नि चार जणांनी उचलून चौकटीत धरलं. क्रुसावरचा ख्रिस्त, मागं काळवंडलेलं आभाळ, खाली क्रुसाला मिठी मारून गुडघ्यांवर बसलेली मग्दालिया मरिया. बायकांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. उंचीला एक वीत नि वर दोन बोटं कमी, रुंदीला आठ बोटं कमी. चारी बाजूंनी चुना दिसत होता.

“धाकट्या भावाचा सदरा थोरल्याला घातलाय,” बार्नाबे म्हणाला.

“पॅरिसवाले कापडात मारतात,” लोहाराची बायको झेनाईद म्हणाली. “माझ्या नणंदेच्या झग्यातसुद्धा मारलं होतं.”

चित्राबरोबर पितळी पाटीही आली होती: ‘बादशहाची देणगी’. ती मात्र मापात बरोबर होती.

 धाकट्या मास्तराच्या ध्यानात सगळं आलं होतं. तक्ता शाळेच्या भिंतीवर रोज त्याच्याकडं बघत होता. पण त्यानं चूक कबूल केली नाही. फादरनी पॅरिसच्या कचेरीला पत्र लिहिलं, कचेरीनं नक्कल करणाऱ्याला लिहिलं: माप चुकलेलं आहे, स्वखर्चानं जाऊन दुरुस्त करावं, चित्र मूळ चित्राबरहुकूम असून चौकटीत बसलं आहे असा फादरांच्या सहीचा दाखला ईस्टरच्या आत पाठवावा, न पाठवल्यास चित्र परत मागवून आपलं नाव नकलाकारांच्या यादीतून कमी करण्यात येईल.

नक्कल करणारी निघाली बाई. मादमोआझेल ओक्ताव्ही पिनेल, वय सत्तेचाळीस.

ती ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या आठवड्यात आली. बर्फ गुडघाभर. हातात रंगांची पेटी, अंगावर शहरी कोट, पायात आमच्या रस्त्यावर एक मैलही टिकणार नाहीत असले बूट. फादरनी तिची सोय पेरीनआईकडं केली. पेरीनआई चर्चची कापडं धुते, इस्त्री करते, वेदीच्या पायऱ्या घासते. तिचा नवरा लाकूडतोडीत देवदाराखाली गेला आणि मुलगा रशियाकडच्या लढाईत. नवऱ्याला तिनं स्वतः गुंडाळून पुरलं, मुलाला कुणी कशात गुंडाळलं, गुंडाळलं की नाही, ते तिला ठाऊक नाही. घरात एक खोली, एक चूल आणि एक मांजर, तेही दुसऱ्याचं.

ओक्ताव्हीनं आल्या आल्या पहिली गोष्ट विचारली ती ही: “मला माझं चित्र दाखवाल?”

पेरीनआई तिला चर्चमागच्या कपड्यांच्या खोलीत घेऊन गेली. चित्र भिंतीकडं तोंड करून उभं केलेलं होतं, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखं. ओक्ताव्ही पाठीच्या कापडाकडं बराच वेळ बघत राहिली.

“हे एकोणिसावं,” ती म्हणाली. “एकोणीस वेळा हाच ख्रिस्त रंगवलाय मी. आणि चर्चच्या छपराखाली आज पहिल्यांदा बघतेय. तेही पाठमोरा.”

पुढचं सगळं तिनं रात्रीच्या जेवणावर पेरीनआईला सांगितलं, आणि पेरीनआईला सांगितलेलं धुण्याच्या हौदावर पोचतं, म्हणून गावाला ठाऊक आहे. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात सव्वीस वर्षं ती त्याच त्या चित्रांपुढं शिडीवर बसत आली. पाठीमागून गर्दी जायची. लोक आधी मूळ चित्र बघत, मग तिची नक्कल, मग घड्याळ. नक्कल पूर्ण झाली की कचेरीचा माणूस ती गुंडाळून न्यायचा. नक्कल करणारीनं सही करायची नाही असा नियम. ती एका वहीत गावांची नावं लिहून ठेवायची, अठरा गावं, एकही बघितलेलं नाही. कुठल्याच गावानं तिला कधी पत्र लिहिलं नाही. का लिहावं? चित्र बादशहाचं. लोक बादशहाचे आभार मानत. पाचव्या मजल्यावर तिची खोली. खाली उतरायला कारण लागतं, आणि कारण फक्त काम. यादीतून नाव गेलं, तर पाच मजले उतरून जायचं कुठं, एवढाच तिच्यापुढं प्रश्न होता.

“आणि त्या गावांची स्वप्नं पडतात का गं?” पेरीनआईनं विचारलं.

“पडतात. पण त्यात माणसं नसतात. नुसत्या भिंती.”

पेरीनआईनं भाजक्या मक्याची लापशी तिच्या ताटलीत आणखी एक पळी ओतली. आमच्याकडं असल्या गोष्टीला दुसरं उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा मास्तर कपड्यांच्या खोलीत गेला. टोपी हातात, कान लाल, थंडीनंच नव्हे.

“मादमोआझेल, एक सांगायचं होतं.”

“सांगा.”

“माप मी दिलं होतं. तक्त्यावरून. फूट कुठला, ते विचारायचं राहिलं.”

“म्हणजे? फूट किती असतात?”

“दोन. एक सरकारचा, एक बार्नाबेचा.”

ती हसायला लागली. हसता हसता खाली स्टुलावर बसली. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले, ते जरा जास्त वेळ पुसले.

“मी कचेरीला लिहितो,” मास्तर म्हणाला. “चूक माझी म्हणून कळवतो.”

“लिहू नका. बार्नाबेचा फूट कायद्यात नाही, म्हणजे तुमची चूकही कायद्यात नाही. कचेरीला चूक कुणाची ते नकोच असतं, मास्तर. सही हवी असते.” मग ती म्हणाली, “आणि खरं सांगू? तुम्ही शिडीवर चढला असतात, तर मी इथं कधी आले नसते.”

हे माफी म्हणून म्हणाली की टोमणा म्हणून, ते मास्तराला अजून उमगलेलं नाही.

आता काम. चित्राला चारी बाजूंनी पट्ट्या जोडायच्या. तिचा बेत सोपा होता. वीतभर कमी आहे ना, तर ती सगळी वीत वर जोडावी. वर काळोखच आहे, आणखी थोडा काळोख. बाजूंनाही काळोख. काळोखात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण फादर व्हेर्नरे वेदीपुढं उभे राहिले, एक डोळा मिटून बघितलं आणि मान हलवली.

“वर जोडलंत तर ख्रिस्त खाली घसरेल. त्याचे पाय माझ्या सहा मेणबत्त्यांच्या आड जातील. लोकांनी काय मेणबत्त्यांना गुडघे टेकायचे? जोडायचं ते खाली जोडा. तारणहार वर गेला पाहिजे.”

“खाली काय आहे, फादर? मूळ चित्र मरियेच्या गुडघ्याखाली संपतं.”

“खाली जमीन असेल. सगळ्यांच्या खाली जमीनच असते.”

फादरांना वाटलं, आपण फार सोपं काहीतरी सांगितलं. पण ओक्ताव्हीचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांत समोर नसलेली एकही रेघ तिनं काढलेली नव्हती. लाल कुठला, सावली किती, सगळं समोर टांगलेलं असे. तिनं फक्त उचलायचं. आता क्रुसाखाली वीतभर कोरी जागा, आणि समोर टांगलेलं काहीच नाही.

त्यात कापडाचं निघालं. नवं कापड जोडलं तर सरसाच्या ओलीनं आटतं नि शिवण सुरकुतते. जुनं, खूप वेळा धुतलेलं, पण विरलेलं नाही असं जाड कापड हवं. फादरनी वेदीची कापडं दाखवली, ती पातळ. झेनाईदनं गोणपाट आणलं, वर “चांगलंय, बटाट्याचंच आहे” असंही सांगितलं. दोन दिवस गेले.

तिसऱ्या संध्याकाळी पेरीनआईनं कपाट उघडलं आणि तळातून एक चादर काढली. अंबाडीच्या सुताची, घरी कातलेली, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दोन अक्षरं.

“ही घे.”

ओक्ताव्हीनं चादर उलगडली, बोटांनी चाचपली. “ही तर वापरलेलीच नाही.”

“नाही. लग्नाआधी कातली. दर वसंतात राखेच्या पाण्यातून काढते नि परत घडी करते. पन्नास वेळा तरी धुतली असेल.”

“मग ठेवलीय कशाला?”

पेरीनआईनं चुलीतलं लाकूड सरकवलं. “कशाला ठेवतात? तुमच्या पॅरिसात उघडेच पुरतात काय?”

ओक्ताव्हीनं चादर टेबलावर ठेवली आणि हात मागं घेतला, भाजल्यासारखा. “नाही, पेरीनआई. हे मी घेणार नाही.”

“मग काय झेनाईदचं बटाट्याचं पोतं लावणार देवाला? घे गं पोरी. सासष्ट झाले मला, पण आज-उद्या मरत नाही. वेदीच्या पायऱ्या कोण घासेल?”

“मी दुसरी पाठवीन. पॅरिसहून. याहून चांगली.”

“याहून चांगली तुझ्याच्यानं मिळायची नाही,” पेरीनआई म्हणाली. “पण पाठव. अक्षरं मी घालीन.”

असा तो सौदा झाला. सकाळी ओक्ताव्हीनं कात्री चालवली. तळाची पट्टी मोठी लागली, दोन्ही बाजूंच्या चार-चार बोटं नि वरची बोटभर, अशा अरुंद. कडा पातळ करून, सरस लावून, पाठीमागून पक्की शिवण घातली. लाल अक्षरांचा कोपरा तळाच्या पट्टीच्या टोकाला आला. तिनं तो कापला नाही, पाठीमागं दुमडून खिळा मारला. त्या चित्रावर कुणाची अक्षरं असतील तर ती तेवढीच. उरलेल्या तुकड्यात, पेरीनआईच्या हिशोबानं, मांजर पुरता येईल, बाई नाही.

बाजूंचा काळोख चार दिवसांत झाला. वरचा एका दिवसात. मग ती तळाच्या पट्टीपुढं बसली, आणि बसूनच राहिली. खाली बसायला ठेंगणं स्टूल, पायाशी निखाऱ्यांची शेगडी, बोटं निळी. सकाळची मिस्सा-प्रार्थना ती तिथं बसलेली असतानाच होऊन जायची; भिंतीपलीकडून गाणं ऐकू यायचं. तिला गाण्याला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि आपण जावं असं तिच्याही मनात आलं नाही. तिनं जमीन रंगवली नि पुसली. दगड रंगवले नि पुसले. एकदा कवटी काढली, कारण बाकीच्या चित्रकारांच्या क्रुसाखाली कवटी असते. पण ती कवटी दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रातली होती, तिला ओळखू आली. तीही पुसली. मरियेचा झगा गुडघ्यापाशी तुटलेला, त्याच्याखाली बाईच नव्हती. जवळजवळ पंधरवडा असा गेला.

“काय गं, जमीन उगवत नाही का?” पेरीनआई रोज विचारायची.

“बर्फ आहे,” ओक्ताव्ही म्हणायची.

एका शुक्रवारी ती हात चोळत चर्चमध्ये आली. चर्च रिकामं होतं. पेरीनआई वेदीच्या पायऱ्या घासत होती, पाठमोरी, गुडघ्यांवर. ओल्या दगडावर चिखल नको म्हणून लाकडी बूट खाली काढून ठेवलेले, पाय उघडे. झग्याच्या काठाबाहेर दोन तळवे आलेले. टाचा भेगाळलेल्या, भेगांत राख बसलेली. लाकडी बुटांत पन्नास-साठ वर्षं कोंबलेली बोटं, उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. थंडीनं तळवे लाल. तिनं ब्रश मागं ओढला, की बोटं दगडाला धरत.

ओक्ताव्ही खांबाआड उभी राहिली. हाक मारली नाही. पायऱ्या संपेपर्यंत तशीच उभी राहिली, मग कपड्यांच्या खोलीत परत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस तिनं दुपारी काही खाल्लं नाही. पेरीनआईनं सुकी हेरिंग मासळी कागदात बांधून पाठवली, ती दाराबाहेर तशीच पडलेली मांजरानं खाल्ली.

ईस्टरच्या दोन आठवडे आधी, म्हणजे पवित्र आठवड्याच्याही एक आठवडा आधी, आमच्याकडं चर्चमधले सगळे क्रूस नि चित्रं जांभळ्या कापडानं झाकतात. ती उघडायची ती ईस्टरच्या आदल्या सकाळी, गप्प बसलेल्या घंटा परत वाजायला लागल्या की. तेव्हा झाकायच्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या आत चित्र चौकटीत जायला हवं होतं. सकाळी फादर व्हेर्नरे दाखल्याचा कागद घेऊन आले. बार्नाबे नि मास्तर चित्र उचलायला होतेच.

फादरनी आधी ख्रिस्ताकडं बघितलं. मग खाली बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे काय?”

“पाय, फादर.”

“पाय दिसताहेत मला. असे?”

“गुडघ्यांवर बसलेल्या बाईचे तळवेच दिसतात.”

“अहो, पण ही मग्दालिया मरिया. तिनं प्रभूच्या पायांना अत्तर लावलं. तिच्या स्वतःच्या टाचा... बोटंही वाकडी काढलीत!”

“अत्तर तिनं दुसऱ्याच्या पायांना लावलं, फादर,” ओक्ताव्ही म्हणाली. “स्वतःच्या नाही.”

बार्नाबे खोकला. फादरनी त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो गंभीर झाला.

“प्रश्न माझ्या आवडीचा नाही,” फादर म्हणाले, आणि कागद फडकवला. “इथं छापलंय: मूळ चित्राबरहुकूम. मूळ चित्रात हे पाय आहेत?”

“नाहीत.”

“मग मी सही कशी करू? खोटी साक्ष आहे ती. उपासकाळात!”

 ओक्ताव्हीला पुसता येत होतं. रंग ओला होता, एक चिंधी पुरली असती. काळी जमीन, आणि सही. चिंधी तिच्या हातातच होती. ती घडी करत राहिली, उलगडत राहिली.

“पुसत नाही मी,” शेवटी ती म्हणाली. “यादीतून जाईन. पण पुसत नाही.”

फादरनी दाखल्याच्या कागदाची घडी केली. मग बार्नाबेला म्हणाले, “चढवा. चौकटीत बसतं का बघू.”

बसलं. केसभर जागा उरली नाही. बार्नाबेनं पणज्याच्या पट्टीचं कौतुक केलं. लगेच पेरीनआई जांभळं कापड घेऊन आली, कुणाकडंही न बघता, कारण शिडीवर चढताना ती खाली-वर बघत नाही, तिला चक्कर येते. ओल्या रंगाला लागू नये म्हणून तिनं वर काठी ठोकली आणि कापड सोडलं. ख्रिस्त, आभाळ, मरिया, टाचा, सगळं गेलं.

फादर वेदीपुढं उभे राहिले.

“आता मला काय दिसतं?” ते म्हणाले. “चौकट भरलेली दिसते. माप बरोबर दिसतं. जांभळं कापड दिसतं. या तिन्हींत मूळ चित्राविरुद्ध मला काही आढळत नाही.” आणि त्यांनी वेदीच्या पायरीवर कागद टेकवून सही केली. “ईस्टरला मला जे दिसेल, ते ईस्टरचं. मास्तर, तुम्ही काय बघताय? शाई वाळवा.”

सोमवारी पहाटेची गाडी होती. संग्रहालयातली ओक्ताव्हीची पाळी बुधवारी सुरू होत होती. न गेल्यास शिडी दुसऱ्या कुणाला. दोन आठवडे थांबून अनावरण बघणं तिला परवडणारं नव्हतं. गाडीच्या आधी ती चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसली. एकोणीस चित्रांपैकी एक तिला चर्चमध्ये टांगलेलं दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणजे जांभळं कापड. पेरीनआई तिच्या पेटीजवळ उभी राहिली.

“वर करू का थोडं? मीच टाकलंय, मीच काढीन. कोण बघतंय?”

“नको. फादरनी सही कापडावर केलीय.”

“शहाणी आहेस.” पेरीनआई शेजारी बसली. “कसं झालंय ते मी अजून बघितलंच नाही बघ. खाली काय काढलंस शेवटी?”

ओक्ताव्हीनं तिचा हात हातात घेतला, राखेच्या पाण्यानं सोललेला. “पेरीनआई, मी तुमची चादर घेतली, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट घेतलीय, न विचारता. ती ईस्टरला कळेल.”

“माझ्याकडं दुसरं आहे काय घ्यायला?” पेरीनआई म्हणाली.

गाडी वळणापर्यंत दिसली. ओक्ताव्ही मागं वळून बघत होती. गावातल्या माणसांपैकी रस्त्यावर एकटी पेरीनआई नि, थोडा आडोशाला, धाकटा मास्तर.

ईस्टरच्या आदल्या सकाळी तीन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजल्या, बार्नाबेनं कापडाची दोरी ओढली आणि ते खाली आलं. आधी सगळ्यांनी वर बघितलं. तारणहार वर गेला होता, मेणबत्त्यांच्या चांगला वर. मग नजरा खाली आल्या. सहा मेणबत्त्यांच्या मधल्या फटीतून ते दोन तळवे दिसत होते. पुढच्या बाकावर कुजबूज झाली. धुण्याच्या हौदावर अनवाणी उभी राहिलेली पेरीनआई गावातल्या कुठल्या बाईनं बघितलेली नाही?

“अगं बाई,” झेनाईद म्हणाली, आणि प्रार्थनेत तिचा आवाज कधीच हळू नसतो, “हे तर आपल्या पेरीनआईचं बोट!”

पेरीनआई बाजूच्या बाकावर होती. ती वर बघत राहिली. मग तिनं हळूच लाकडी बूट बाकाखाली आत ओढून घेतले आणि झगा त्यांच्यावर नीट पसरला. त्या दिवशी ती सगळे गेल्यावरसुद्धा उठली नाही. मास्तर घंटेची दोरी बांधायला परत आला तेव्हा ती एकटीच बसलेली होती; म्हणाली, “मास्तर, माझ्या पाठीमागून एवढा वेळ कुणी बघितलं असेल, असं मला वाटलंच नव्हतं हो.”

मास्तरानं हे सगळं ओक्ताव्हीला लिहिलं. उत्तर जूनमध्ये आलं, चार ओळींचं. नाव यादीत राहिलं. पुन्हा तोच ख्रिस्त मिळालाय, समुद्रकाठच्या एका गावासाठी, विसावा. त्यात पाय नाहीत. रंगाला भेगा पडल्या तर कळवावं. आणि पेरीनआईला सांगावं, चादर विसरलेली नाही.

त्याला दोन वर्षं झाली. मास्तर पत्र लिहायला बसला, की पेरीनआई दारात येऊन बजावते, “चादरीचं काही लिहू नका हं. तिथं कापड महाग असतं.” पण दर सोमवारी गाडीवाल्याला विचारल्याशिवाय ती राहत नाही.

या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला. तीन दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. फादर व्हेर्नरे मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल घेऊन आले. मास्तर कंदील धरायला. फादरनी प्रार्थना म्हणत तिच्या पापण्यांना तेल लावलं, कानांना लावलं, ओठांना, हातांना. मग पायांवरचं पांघरूण उचललं आणि थबकले. त्यांनाही ते पाय इतक्या जवळून रोजचे नव्हते, आणि वेदीमागच्या चित्रात रोजचेच होते.

पेरीनआईनं डोळे उघडले.

“ते राहू द्या, फादर. ते आधीच चर्चमध्ये आहेत.” मग जराशानं, “आज सोमवार ना? गाडी आली?”

“आली,” मास्तर म्हणाला.

“काही?”

“नाही, पेरीनआई.”

“मग नुसत्या अंगानं जाऊ काय मी?” ती म्हणाली, पाय पांघरुणात ओढून घेतले आणि लापशी मागितली.

आता ती पुन्हा पायऱ्या घासते. चादर अजून यायची आहे.